चॉकलेटशिवाय चोवीस खण: घरच्या ॲडव्हेंट कॅलेंडरमध्ये कमी खर्चात काय काय भरता येतं

ॲडव्हेंट कॅलेंडर म्हणजे नाताळची वाट बघत १ ते २४ डिसेंबर रोज एक उघडायचे चोवीस खण. ते घरी करायचं ठरलं की डबे, पाकिटं, दोऱ्या, आकडे हे सगळं एका दुपारी उरकतं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. चोवीस रिकामे खण समोर असतात आणि त्यात भरायचं काय, हा प्रश्न रोज थोडाथोडा खर्च वाढवत जातो. चॉकलेट सोपं म्हणून सगळे तेच भरतात. पण कुणाला ॲलर्जी असते, कुणाचे दात किडलेले असतात, कुठे उष्णतेने ते वितळतं, आणि एकदा तोंडात गेलं की दिवसाचं कौतुक अर्ध्या मिनिटात संपतं.

मुळात या प्रथेत चॉकलेट नव्हतंच. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट घरांत दारावर खडूच्या २४ रेघा ओढत आणि मुलं रोज एक रेघ पुसत. काही घरांत रोज एक चित्र भिंतीवर लावत. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिश विशर्न यांनी गरीब मुलांसाठी चालवलेल्या संस्थेत लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या आणि नाताळपर्यंत रोज एक पेटवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी छापील कॅलेंडरं काढली, चित्रांवरची उघडणारी दारं त्यानंतर आली. म्हणजे रेघ पुसणं, चित्र लावणं, ज्योत पेटवणं, अशा बिनखर्चाच्या गोष्टींवर ही वाट बघणं उभं राहिलं. म्हणून चॉकलेट नसलेल्या खणात काही कमी आहे असं मी मानत नाही.

पहिल्या वर्षी मी चोवीस वेगवेगळ्या वस्तू जमवल्या होत्या. छोट्या प्लास्टिकच्या खेळण्यांची मोठी पिशवी आणली आणि एकेक खणात टाकली. दहाव्या दिवसापर्यंत खण उघडायचा, वस्तू बाजूला ठेवायची आणि पळायचं, एवढंच उरलं होतं. जानेवारीत त्यातली एकही वस्तू घरात धड राहिली नव्हती. त्यातून जे शिकले ते आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. चोवीस वस्तू शोधायच्या नाहीत. एक गोष्ट घ्यायची, तिचे चोवीस भाग करायचे आणि रोज एक भाग द्यायचा. हा झाला तळचा थर. त्यावर आठ-दहा दिवस काहीतरी जादा ठेवायचं, तो वरचा थर. तळच्या थरामुळे एकही खण रिकामा राहत नाही आणि उद्या काय, ही ओढ टिकते. खर्च फक्त वरच्या थराचा, आणि तोही आपल्या हातात.

पहिली पायरी: तारखा लिहून काढा

एका कागदावर १ ते २४ आकडे आणि त्यापुढे वार लिहा. चर्चच्या पंचांगातला आगमनकाळ, म्हणजेच ॲडव्हेंट, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, म्हणून त्याची पहिली तारीख २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यात बदलते. २०२६ मध्ये ती २९ नोव्हेंबरला येईल. घरगुती कॅलेंडर मात्र बहुतेक जण १ डिसेंबरलाच सुरू करतात आणि आपणही तसंच धरू. ज्यांना चार रविवार पाळायचे आहेत त्यांनी ते, पहिला नोव्हेंबरात येत असेल तर तोही, कागदावर वेगळ्या रंगाने दाखवावेत.

आता परीक्षा, प्रवास, पाहुणे, उशिरापर्यंत काम असलेले दिवस खुणा करून ठेवा. त्या दिवशी खणात फक्त वस्तू किंवा चिठ्ठी असावी. वेळ लागणारं काम सुट्टीच्या दिवशी. ही खूण केली नाही तर दमून घरी आल्यावर ‘आज आपण कंदील करू’ अशी चिठ्ठी निघते आणि कंदील काही होत नाही. मुलं ते विसरत नाहीत.

खण उघडणारे किती, हेही इथेच ठरवा. २४ हा आकडा सोयीचा आहे. दोघांना प्रत्येकी १२, तिघांना ८, चौघांना ६ असे दिवस येतात. प्रत्येकासाठी वेगळं कॅलेंडर करायचं नसेल तर पाळीपाळीने उघडा आणि भाग मात्र सगळ्यांचा सामाईक ठेवा. सामाईक चित्रकोडं असेल तर आज कुणाची पाळी यावरून भांडण होत नाही, कारण तुकडे शेवटी एकाच चित्रात जातात.

दुसरी पायरी: खण मोजा, मगच भरण शोधा

बहुतेक जण उलटं करतात. आधी वस्तू आणतात, मग त्या खणात मावत नाहीत. काडेपेट्यांचं कॅलेंडर दिसायला फार गोड असतं, पण त्यात खोडरबर, मणी, घडी केलेली चिठ्ठी एवढंच जातं. अख्खी पेन्सिल साधारण साडेसतरा सेंटिमीटरची असते. ती कागदी पाकिटात किंवा दोरीला टांगलेल्या मोज्यात जाईल, काडेपेटीत नाही. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्या दोन्ही टोकं आत दुमडून बंद केल्या की उत्तम डबी होते, पण २४ जमायला वेळ लागतो, तेव्हा सप्टेंबरपासूनच साठवा. कागदी पिशव्या सर्वांत मोकळ्या, आणि पुढच्या वर्षीही चालतात.

मोठी वस्तू द्यायचीच असेल तर ती घरात लपवा आणि खणात फक्त तिचा माग सांगणारी चिठ्ठी ठेवा. ही एक युक्ती कळली की खणाच्या मापाची अडचण जवळजवळ संपते.

तिसरी पायरी: तळचा थर निवडा

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. खालीलपैकी एकच निवडायचं आहे, फार तर दोन.

चित्रकोडं. ४८, ७२, ९६ किंवा १२० तुकड्यांचं घेतलं तर रोज २, ३, ४ किंवा ५ तुकडे बरोबर येतात. १०० तुकड्यांचं असेल तर रोज चार, आणि शेवटच्या दिवशी आठ. पण तुकडे पिशवीतून मूठभर काढून खणात टाकू नका. तसं केलं तर पहिले कित्येक दिवस तुकडे एकमेकांना क्वचितच जुळतात आणि मुलांचा रस जातो. आधी चित्र स्वतः पूर्ण जुळवा. मग एका कोपऱ्यापासून कडेकडेने तुकडे उचला, त्यानंतर आतले, आणि चित्रातला सर्वांत मोलाचा भाग, चेहरा किंवा तारा, शेवटच्या तीन दिवसांसाठी ठेवा. प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलीने तारीख लिहा. असं केलं की रोज निघालेला तुकडा कालच्या तुकड्याला लागतोच. जुनं, आधी एकदा जुळवलेलं कोडंही चालतं. जाड पुठ्ठ्यावर घरचा मोठा फोटो चिकटवून तुम्ही स्वतः २४ तुकडे कापले तर विकतचं लागणारच नाही.

जोड्यांचा खेळ. माझा सर्वांत आवडता. घरातल्या माणसांचे, प्राण्यांचे, सहलीचे १२ फोटो निवडा आणि प्रत्येकाच्या दोन प्रती हव्यात. चार बाय सहा इंचाच्या एका छपाईत दोन बाय दोन इंचाचे सहा फोटो बसतात, म्हणजे चार छपायांत २४ पत्ते तयार. कापून एकसारख्या पुठ्ठ्यावर चिकटवा, म्हणजे मागून ओळखू येणार नाहीत. १ ते १२ तारखेपर्यंत बारा वेगळे फोटो द्या आणि १३ पासून त्यांच्या जोड्या, पण क्रम बदलून. दुसऱ्या पंधरवड्यात रोज ‘आज कुणाची जोडी?’ ही उत्सुकता असते. २४ ला पूर्ण खेळ हातात येतो आणि त्याच संध्याकाळी पहिला डाव मांडता येतो.

गव्हाणीचा देखावा. ज्या घरांत नाताळ श्रद्धेने साजरा होतो तिथे याच्याइतकं साजेसं काही नाही. मातीच्या, कागदाच्या, लाकडी मण्यांच्या किंवा पुठ्ठ्याच्या आकृत्या करा. आधी रिकामा गोठा, मग गवत, मेंढ्या, बैल, गाढव, मेंढपाळ, देवदूत, तारा, आणि अखेरच्या आठवड्यात योसेफ व मरिया. बाळ येशू २४ च्या खणात. तिघे ज्ञानी पुरुष मात्र घरातल्या दूरच्या खिडकीत उभे करा आणि रोज थोडे पुढे सरकवा. ते गोठ्यापाशी ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला पोचतात, त्यामुळे नाताळ झाल्यावरही हे सरकवणं चालू राहतं.

वाचन. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बरोबर २४ अध्याय आहेत, त्यामुळे रोज एक अध्याय वाचत नाताळपर्यंत येण्याची पद्धत अनेक घरांत असते. खणात फक्त अध्यायाचा आकडा आणि त्यावरचं छोटं चित्र पुरतं. मात्र पहिलाच अध्याय ८० वचनांचा आहे आणि येशूजन्माची हकिकत दुसऱ्याच अध्यायात येऊन जाते. लहान मुलांना हे जड जाईल. त्यांच्यासाठी पहिल्या दोन अध्यायांतल्याच प्रसंगांचे छोटे छोटे भाग करा. धार्मिक वाचन नको असेल तर एखादी लांब गोष्ट स्वतः लिहा आणि चोवीस भागांत तोडा. प्रत्येक भाग पाच-सहा वाक्यांचा असला तरी चालेल, फक्त तो अशा जागी थांबला पाहिजे की मूल ‘मग?’ म्हणेल.

अक्षरांचा निरोप. चोवीस अक्षरांचं एक वाक्य बनवायचं आणि रोज एक अक्षर द्यायचं. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांसकट एक अक्षर धरा. ‘मोठी भेट पलंगाखालच्या पेटीत ठेवली आहे उघडून बघ’ हे वाक्य मोजून बघा, बरोबर चोवीस भरतात. अक्षरं ओळीने दिली तर दहाव्या दिवशीच गुपित फुटेल, म्हणून ती विस्कटून द्या. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे एक छोटं चित्र काढा, पान, मासा, छत्री असं काहीही, आणि ती चित्रं कोणत्या क्रमाने लावायची याची किल्ली २४ च्या खणात ठेवा. वाचता येणाऱ्या मुलांना हे वेड लावतं. खर्च एका कागदाचा.

रंगपेन्सिली, मणी, ठोकळे. २४ रंगांचा एक संच घेऊन रोज एक रंग द्यायचा आणि भिंतीवर मोठं चित्र लावायचं, ज्यात आज फक्त आजचाच रंग भरायचा. मण्यांची माळ करायची असेल तर दोरा पहिल्याच दिवशी द्या, नाहीतर सुटे मणी २४ पर्यंत टिकत नाहीत. ठोकळ्यांचा छोटा संच त्याच्या कृतिपत्रिकेतल्या क्रमाने वाटून घ्या आणि पत्रिकेचा त्या दिवसापुरता भाग सोबत ठेवा.

चौथी पायरी: वरच्या थरासाठी कागद

खर्च न करता खण भरायचा तर कागदाला तोड नाही. पण ‘चिठ्ठी’ म्हटल्यावर लोक ‘मी तुझ्यावर प्रेम करते’ असं लिहून मोकळे होतात. ते एकदा छान वाटतं, चोवीसदा नाही. चिठ्ठीत काहीतरी घडलं पाहिजे.

हक्काच्या चिठ्ठ्या घ्या. ‘आज अर्धा तास उशिरा झोपायचं’, ‘आजच्या जेवणात काय करायचं ते तू ठरव’, ‘आज फक्त तुझ्या एकट्याबरोबर एक डाव’, ‘आज तुझ्या वाटचं घरकाम मी करणार’. यात एक पथ्य आहे. जे त्याच दिवशी नक्की देता येईल तेवढंच लिहा. ‘लवकरच फिरायला जाऊ’ ही चिठ्ठी नव्हे. आणि अशा चिठ्ठ्या चारपेक्षा जास्त नकोत, कारण त्या पाळायच्या तुम्हालाच आहेत.

कोडी द्यायची असतील तर उत्तर दुसऱ्या दिवशीच्या खणात ठेवा. रात्रभर डोकं चालतं आणि सकाळी खणाकडे धाव जाते.

नातेवाइकांची पत्रं हा मला सापडलेला सर्वांत मोलाचा ऐवज. ऑक्टोबरात मुलाकडूनच सात-आठ जणांना एकच प्रश्न विचारून ठेवा: ‘तुम्ही माझ्या वयाचे होता तेव्हा सुट्टीत काय करत होता?’ उत्तर हाताने लिहून, चार-पाच ओळींत मागवा. निम्मी उत्तरं उशिराच येतात, म्हणून ही पत्रं शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा आणि ज्यांचं आलं नाही त्यांना फोन करून ऐकलेलं स्वतः लिहून काढा. आजीने सांगितलेली चार ओळींची आठवण आमच्याकडे कॅलेंडर उतरवल्यावरही कपाटाच्या दाराला चिकटवलेली आहे.

एका कागदाचं पुस्तक जरूर करा. ए-४ आकाराच्या कागदाला लांब कडा जुळवून घडी घाला आणि उघडा. मग छोट्या कडा जुळवून घडी घाला, उघडा, आणि दोन्ही छोट्या कडा मधल्या रेषेपर्यंत आणून पुन्हा घड्या घाला. कागद उघडला की आठ चौकटी दिसतील. आता छोट्या कडा जुळवून कागद अर्धा दुमडा आणि दुमडलेल्या बाजूने, मधल्या आडव्या घडीवरून, पुढच्या उभ्या घडीपर्यंतच कात्री चालवा. कागद उघडा, लांबीच्या रेषेवर दुमडा आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. मधली फट उघडते, अधिकच्या चिन्हासारखा आकार होतो, आणि तो एका बाजूला वळवला की आठ पानांचं पुस्तक तयार. डिंक नाही, टाका नाही. पान साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचं होतं. लहान खणासाठी याच पद्धतीने अर्धा कागद वापरा. कोरं द्या, किंवा पहिल्या पानावर शीर्षक लिहून बाकी मुलावर सोडा.

काही तारखांची स्वतःची एक गोष्ट असते, तीही वापरा. ६ डिसेंबर हा संत निकोलसचा दिवस. युरोपातल्या अनेक देशांत मुलं आदल्या रात्री बूट बाहेर ठेवतात आणि सकाळी त्यात भेट असते. त्या दिवशी खणात फक्त ‘तुझ्या बुटात बघ’ लिहा. १३ डिसेंबरला स्वीडनमध्ये संत लुसियाचा प्रकाशाचा सण असतो, तेव्हा त्या संध्याकाळी दिवे मालवून मेणबत्तीच्या उजेडात जेवायचं. ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, जर्मनी आणि ऑस्ट्रियात चेरीची फांदी तोडून घरात पाण्यात ठेवतात आणि ती नाताळपर्यंत फुलण्याची वाट बघतात. खणात फितीचा तुकडा आणि ही गोष्ट ठेवली तर कोणतीही निष्पर्ण फांदी आणून पाण्यात ठेवता येते.

पाचवी पायरी: हाताला काम देणारे खण

हे चार ते सहा असावेत, आणि सुट्टीच्या दिवशीच. साहित्य खणात, कृती चिठ्ठीवर.

कागदी हिमफूल सगळ्यांना माहीत असतं, पण बहुतेक जण ते चार किंवा आठ पाकळ्यांचं कापतात. बर्फाचा स्फटिक सहा बाजूंचा असतो. गोल कागद अर्धा दुमडा, मग त्या अर्धवर्तुळाच्या तीन सारख्या घड्या करा आणि मग कापा. पातळ कागदाचे चार-पाच गोल खणात ठेवले की काम झालं.

मिठाच्या पिठाचे लटकन: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, साधारण एक वाटी पाणी. पाणी हळूहळू घाला, कारण सगळं लागेलच असं नाही. घट्ट मळून, लाटून, आकार कापा, दोरीसाठी भोक आत्ताच पाडा, आणि सुमारे १०० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळवा. ओव्हन नसेल तर हवेवर काही दिवस ठेवा आणि रोज उलटा. खणात आकार कापायचा साचा किंवा नुसती फीत ठेवा, पीठ स्वयंपाकघरात असतंच. हे पीठ खाण्याचं नाही, आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून दूर ठेवा. एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

बियांचा खण पहिल्या आठवड्यातच हवा. चिमूटभर मोहरी ओल्या कापसावर पसरली की दोन-तीन दिवसांत मोड दिसतात आणि नाताळपर्यंत हिरवं रोप उभं राहतं. २० तारखेला बिया देऊन काय उपयोग?

सहावी पायरी: नाहीतरी लागणाऱ्या वस्तू

खोडरबर, शार्पनर, मोजे, केसांचे चिमटे, नवा टूथब्रश. या वस्तू तुम्ही डिसेंबरात घेणारच होता, तर त्या इथे वापरा. पण चोवीसात चार-पाचच. लागोपाठ तीन दिवस गरजेची वस्तू निघाली तर मुलांना कळतं की त्यांची भेट बाजारहाटाच्या यादीतून आली आहे. एखादी वस्तू मुलाच्या आवडीच्या रंगाची असली तर ती भेट होते, नाहीतर ती नुसती वस्तूच राहते.

मोठ्या माणसांसाठी

मोठ्यांच्या कॅलेंडरला खेळणी नकोत, पण तळच्या थराचा नियम तोच. चहाच्या वेगवेगळ्या चवींच्या चपट्या पुड्या पाकिटात छान बसतात आणि रोज एक वापरून संपते. कुणाला स्वयंपाकाची आवड असेल तर घरातल्या २४ पाककृती हाताने लिहून द्या, शेवटी तो वहीत लावायचा संग्रह होतो. वृद्ध आई-वडिलांसाठी जुने फोटो निवडा, मागे कोण, कुठे, कधी हे मोठ्या अक्षरांत लिहा आणि रोज एक द्या. फोटो बघून ते जे बोलतील ते टिपून ठेवा. हे काम आपण एरवी कायम पुढे ढकलतो. जोडप्याने मिळून करायचं असेल तर विषम तारखा एकाने भरायच्या, सम तारखा दुसऱ्याने. दोघांनाही बारा दिवस आश्चर्य मिळतं.

किशोरवयीन मुलांना गोड चिठ्ठ्या अवघड वाटतात. त्यांना हक्काच्या चिठ्ठ्या, अवघड कोडी आणि अक्षरांचा निरोप द्या. मित्रांनी लिहिलेल्या दोन ओळी तुमच्या दहा ओळींपेक्षा त्यांना जास्त आवडतील, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

उलटं कॅलेंडर

काही घरांत खणातून काढण्याऐवजी रोज एक वस्तू पेटीत टाकतात आणि ती भरलेली पेटी गरजूंना देतात. टिकाऊ धान्य, साबण, चांगल्या स्थितीतली पुस्तकं, उबदार कपडे. हे करायचं असेल तर १ डिसेंबरला सुरू करू नका. २४ ला भरलेली पेटी नाताळपर्यंत कुणापर्यंत पोचणार? नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू करा, डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत संपवा, आणि ज्यांना द्यायची आहे त्यांना नेमकं काय लागतं ते आधी विचारा. मुलांना दोन्ही कॅलेंडरं एकत्र करायला आवडतात: एक खण उघडायचा, एक वस्तू टाकायची.

तीन वर्षांखालची मुलं घरात असतील तर

हा भाग वाचल्याशिवाय काहीही भरू नका, मोठ्या भावंडाच्या खणातही. टॉयलेट पेपरच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते, हा घरच्या घरी करायचा सोपा ताळा आहे. सुटे मणी, छोटे ठोकळे, अख्खे दाणे, गोट्या, हे त्यांच्या हाती लागू नये. छोटी शक्तिशाली चुंबकं आणि बटणासारखे सेल तर कोणत्याच खणात नकोत. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून ती एकमेकांना चिकटतात, आणि सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजतो. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात. न फुगवलेले फुगे आठ वर्षांखालच्या मुलांनाही धोक्याचे. एवढ्या लहानांसाठी कापडी चौकोन, मोठे फोटो, बोटबाहुल्या आणि रोज एक गाणं पुरेसं असतं.

भरणं आणि लावणं

आता हिशेब मांडू. समजा तळचा थर म्हणून ७२ तुकड्यांचं चित्रकोडं घेतलं, रोज तीन तुकडे. वर चार सुट्टीच्या दिवशी हातकाम, चार हक्काच्या चिठ्ठ्या, चार पत्रं, तीन गरजेच्या वस्तू, एक बुटातली भेट आणि २४ ला एक जरा मोठी वस्तू. म्हणजे सतरा दिवस वर काहीतरी जादा आहे, आणि विकत घ्यावं लागलं ते कोडं आणि पाच वस्तू. हातकामाचं साहित्य घरातच निघतं. उरलेल्या सात दिवशी फक्त तुकडे. ते दिवस रिकामे वाटतील अशी भीती बाळगू नका. अर्धं झालेलं चित्र टेबलावर असताना तीन तुकडे पुरतात.

चोवीस खण एकदम भरू नका. पहिले आठ भरा, बाकीचं तारखेच्या चिठ्ठ्या लावून एका पिशवीत ठेवा आणि दर आठवड्याला भरा. मूल आजारी पडतं, बेत बदलतो, एखादं पत्र लवकर येतं, तेव्हा अदलाबदल सोपी जाते. कोणत्या खणात काय, याची यादी लिहून ठेवा. १७ तारखेची भेट कुठे लपवली ते यादीशिवाय आठवत नाही. दोन-तीन जादा चिठ्ठ्याही लिहून ठेवा, ऐनवेळी हातकाम रद्द झालं तर त्या जागी घालायला.

दोरीवर टांगणार असाल तर जड पाकिटं भिंतीतल्या खिळ्यांजवळ आणि हलकी मधोमध लावा, नाहीतर दोरी मधे झोळ खाते आणि चिमटे घसरतात. आकडे ओळीने न लावता विखरून लावा. आजचा आकडा शोधणं हाही लहानांसाठी खेळच आहे. खण मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवेत, पण रांगणाऱ्या भावंडाच्या हाताच्या वर.

२४ ला रात्री खण उतरवाल तेव्हा आकडे फाडू नका, पाकिटं सपाट करून ठेवा. यादीवर कोणता दिवस रंगला आणि कोणता फसला याच्या खुणा करा, आणि ती यादी १ आकड्याच्या पाकिटात घालून टाका. पुढच्या वर्षी कॅलेंडर बाहेर काढाल तेव्हा सगळ्यात आधी तीच हाती येईल.